डॉक्टर आज घरीच आहेत

वारा पाहायला म्हणून कोणी सहलीला जात नाही. माणसं सूर्यास्त पाहायला जातात, लेणी पाहायला जातात, देवाला जातात. वारा तिथं न बोलावता येतो आणि फोटो बिघडवून जातो. पावसाळ्यात नाणेघाटात उलटा धबधबा पाहायला निम्मं पुणं लोटतं. दरीत पडणारं पाणी वारा उचलून पुन्हा कड्यावर आणून टाकतो, म्हणजे सगळी कर्तबगारी वाऱ्याची. पण घरी येऊन सांगायचं काय, तर ‘धबधबा पाहिला’.

केपटाऊनला वाऱ्याची अशी कुचंबणा होत नाही. तिथं तो गावातला प्रतिष्ठित गृहस्थ आहे. आपल्याकडे संक्रांतीचा तीळगूळ चालू असतो तेव्हा तिथं भर उन्हाळा असतो, आणि त्या दिवसांत आग्नेयेकडून जो वारा सुटतो त्याला लोक ‘केप डॉक्टर’ म्हणतात. शहरातला धूर, दुर्गंधी, रोगराई हा वारा उचलून समुद्रात टाकतो अशी जुनी समजूत. त्यावरून पदवी मिळाली ती कायमची. फी घेत नाही, पण तपासणी फार कसून करतो.

डॉक्टर घरी आहेत की नाहीत हे कळायला खिडकीतून टेबल माउंटनकडे बघायचं. हजार मीटरहून थोडा उंच, माथा करवतीनं कापल्यासारखा सपाट असा तो डोंगर आहे. वारा समुद्रावरून येतो, डोंगराला धडकतो आणि वर चढतो. चढताना हवा गार होऊन बाष्पाचा ढग बनतो आणि सपाट माथ्यावर पसरतो. शहराच्या बाजूला उतरू लागला की हवा पुन्हा तापते आणि ढग विरून जातो. त्यामुळे तो पांढराशुभ्र टेबलक्लॉथ कड्यावरून सतत खाली ओघळताना दिसतो आणि जमिनीपर्यंत कधीच पोचत नाही. गावकऱ्यांची कथा अशी की व्हॅन हंक्स नावाचा एक म्हातारा समुद्री चाचा आणि सैतान तिथं शेजारच्या सुळक्यावर बसून पाइप ओढण्याची पैज लावतात, त्याचा हा धूर. मला दोन्ही स्पष्टीकरणं पटतात.

आम्ही निघालो त्या सकाळी टेबलक्लॉथ असा अंथरलेला होता की टेबल दिसतच नव्हतं. दोऱ्यावरून डोंगरावर जाणारी केबल कार वाऱ्यामुळे बंद होती. भाचीनं फोनवर ते पाहिलं आणि म्हणाली, “मावशी, आज डोंगर नाही. आज केप पॉइंटला जाऊ.” डोंगरावर वारा आहे म्हणून भूखंडाच्या टोकावर जायचं हा तर्क मला तेव्हाही कळला नव्हता. पण ती तिथं नोकरी करते आणि गाडी तिची आहे.

गाडीत आम्ही चौघं. चालवायला भाची. तिच्या शेजारी तिचे बाबा, म्हणजे माझे भावोजी. सार्वजनिक बांधकाम खात्यातून अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झालेले, उंची सहा फुटांच्या वर, त्यामुळे त्यांना कायम पुढची सीट. मागे ताई आणि मी. ताईनं साडी नेसली होती. भाचीनं आदल्या रात्रीपासून “आई, उद्या ड्रेस घाल” म्हणून विनवलं होतं. ताईचं उत्तर ठरलेलं, “गिरनार साडीत चढले मी.” तिच्या डाव्या हातातल्या बांगडीला कायम सेफ्टी पिनांचा घोस लटकलेला असतो. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जड होता. हिची तयारी वाऱ्याशी बोलणी करण्याची नव्हती, लढाईची होती.

भावोजींची तयारी वेगळी. त्यांचे डावीकडचे केस बरेच लांब आहेत आणि ते डोक्यावरून उजवीकडे नेऊन ठेवलेले असतात. ही रचना मी तीसेक वर्षं पाहत आले आहे. घरात त्यावर कोणी बोलत नाही. बांधकाम खात्यातल्या माणसाला कमी साहित्यात जास्त क्षेत्र झाकता येतं, एवढंच आम्ही मनात म्हणतो. त्यांनी त्या दिवशी तेल जरा जास्त लावलं होतं.

भाचीनं गाडी सुरू करण्याआधी दाराचं शास्त्र सांगितलं. तिथं नव्या पाहुण्याला ते पहिल्यांदा शिकवतात. वारा समोरून असेल तर दार उघडायला जोर लागतो आणि ते आपटून बंद होतं, बोटं सांभाळायची. वारा मागून असेल तर दार हातातून निसटून पुढे उलटं वळतं, बिजागरीसकट. म्हणून गाडी उभी करताना नाक वाऱ्याकडे करायचं, आणि उतरताना दार दोन्ही हातांनी धरून आधी वितभर उघडायचं, अंदाज घ्यायचा, मग पाय बाहेर टाकायचा. “आणि एका वेळी एकच दार,” ती म्हणाली. दोन्ही बाजूंची दारं उघडली की गाडीतले नकाशे, नॅपकिन, पावत्या सगळं एका दारातून दुसऱ्या दारानं बाहेर जातं. ताईनं मांडीवरचा लाडवांचा डबा घट्ट धरला.

रस्ता शहराच्या दक्षिणेकडे, फॉल्स बेच्या काठानं जातो. दक्षिण आफ्रिकेत गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात. एरवी परदेशात भावोजी शेजारच्या सीटवर बसून न दिसणारा ब्रेक दाबत असतात, इथं ते मोकळे होते आणि डांबराच्या दर्जावर बोलत होते. खाडी पांढरी झाली होती. लाटांचे शेंडे फुटायच्या आत वारा ते कापून नेत होता. ह्या खाडीनं पूर्वी बऱ्याच खलाशांना फसवलं. पूर्वेकडून माल भरून परतणारी जहाजं पलीकडचं हँगक्लिपचं भूशिर म्हणजेच केप असं समजून उत्तरेला वळत आणि ह्या बंद पिशवीत शिरत. नावातच फसवणूक आहे, पण नाव त्यांच्या फसण्यानंतर पडलं.

सायमन्स टाऊन हे नौदलाचं गाव. चौकात एका कुत्र्याचा पुतळा आहे, ग्रेट डेन जातीचा, थोराड. नाव जस्ट न्यूसन्स. खलाशांच्या मागोमाग हा आगगाडीत चढायचा आणि सीटवर ताणून द्यायचा. रेल्वेवाले तिकीट नाही म्हणून उतरवायचे, हा पुढच्या गाडीत चढायचा. तक्रारी फार झाल्या तेव्हा १९३९ साली ब्रिटिश नौदलानं त्याला रीतसर भरती करून घेतलं, कारण नौदलाच्या माणसाला रेल्वे फुकट होती. आमच्या ताईचं अर्धं आयुष्य डोंबिवलीच्या लोकलमध्ये गेलं. ती त्या पुतळ्यापुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “ह्याला पास मिळाला शेवटी.”

पुढे बोल्डर्सचा किनारा. इथं पेंग्विन राहतात. १९८२ साली ह्या वाळूवर दोन जोड्या येऊन बसल्या, त्यातून वसाहत वाढली. आता माणसं लाकडी पुलावरून चालतात आणि पेंग्विन खाली वाळूत आपापली कामं करतात. किनाऱ्यावर हत्तीएवढाले ग्रॅनाइटचे गोल दगड आहेत, त्यांच्या आड वारा कमी लागतो. पेंग्विनांनी जागा विचार करून निवडली आहे. दोन फुटी पक्षी, दगडाच्या पोटाशी उभा, वारा त्याच्या डोक्यावरून जातो. आमच्यातला फक्त एक माणूस त्या दगडांच्या वर डोकावत होता.

बरेचसे पेंग्विन पिसं टाकत होते. वर्षातून एकदा त्यांची सगळी पिसं एकदम गळतात आणि नवी येतात. जलरोधक अंगरखा तयार होईपर्यंत, जवळजवळ तीन आठवडे, त्यांना पाण्यात जाता येत नाही. मासे पाण्यात, हे काठावर, म्हणजे कडक उपास. त्या काळात ते अगदी हलत नाहीत. अंगावर जुन्या पिसांचे पुंजके लटकलेले, काही ठिकाणी नवं चकचकीत अंग दिसतंय, डोक्यावर एखादाच झुबका उभा, आणि चेहऱ्यावर ‘आम्हाला बघू नका’ असा भाव. वारा ते पुंजके उपटून आमच्या अंगावर आणत होता. भावोजींनी एका पेंग्विनकडे बराच वेळ पाहिलं. पेंग्विननंही त्यांच्याकडे पाहिलं. मग भावोजींनी हात डोक्याकडे नेला आणि जे होतं ते जागेवर आहे का, हे चाचपलं.

ह्या पक्ष्यांची गंमत फार करू नये, इतकी त्यांची अवस्था वाईट आहे. २०२४ साली आफ्रिकन पेंग्विनला नामशेष होण्याच्या अगदी काठावरच्या प्राण्यांत टाकलं गेलं. सगळ्या जगात त्यांच्या दहा हजार जोड्याही उरलेल्या नाहीत. त्यांचे सार्डिन आणि अँकोवी मासे माणसांच्या जाळ्यांत जातात. हे सगळं पुलावरच्या फलकावर लिहिलेलं आहे, आणि फलकाखाली एक पेंग्विन गाढवासारखा ओरडत होता. त्यांचा आवाज खरंच तसा आहे, जुन्या इंग्रजांनी नावही तेच ठेवलं होतं.

राष्ट्रीय उद्यानाचं फाटक ह्याच्या पुढे. टेबल माउंटन राष्ट्रीय उद्यान १९९८ साली झालं. शहराच्या डोंगरापासून ते ह्या टोकापर्यंत तुकड्यातुकड्यानं पसरलेलं आहे, आणि केप ऑफ गुड होपचा राखीव भाग त्याचा शेवटचा तुकडा, ७,७५० हेक्टरांचा. फाटकातून आत गेलं की झाडं संपतात. अचानक. आपण जंगल म्हणून आलेलो असतो आणि समोर गुडघाभर उंचीचं माळरान, करडं-हिरवं, क्षितिजापर्यंत. गाडीला आडोसा उरत नाही. भाचीच्या हातातलं चाक सारखं डावीकडे ओढत होतं आणि छतावरून शीळ ऐकू येत होती. भावोजी म्हणाले, “काहीच उगवत नाही वाटतं इथं.”

वास्तविक इथं जितकं उगवतं तितकं फार थोड्या ठिकाणी उगवत असेल. केपच्या ह्या वनस्पतिप्रदेशात नऊ हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या दोनतृतीयांशांहून जास्त जगात दुसरीकडे कुठंच नाहीत. तिथले लोक ह्या झुडपांना फाइनबॉस म्हणतात. आपण कास पठारावर गुडघे टेकून फुलं बघतो तसं इथंही खाली उतरून बघावं लागतं. बारीक सुयांसारखी पानं, कातडी जाडसर, बेताची उंची. माती निकृष्ट, पाऊस हिवाळ्यात, उन्हाळ्यात वणवे, आणि डॉक्टरांची रोजची फेरी. ह्या परिस्थितीत ज्या झाडाला उंच व्हायची हौस होती ते केव्हाच पडलं असणार.

भाचीनं एक गोष्ट सांगितली ती मला त्या दिवसातली सगळ्यात चांगली वाटली. इथल्या शेकडो झाडांचं बी वारा नेत नाही, मुंग्या नेतात. बियांच्या टोकाला झाड थोडंसं चरबीचं खाणं चिकटवून ठेवतं. मुंगी तेवढ्यासाठी अख्खं बी ओढत वारुळात नेते, चिकटवलेलं खाते आणि बी तिथंच टाकून देते. जमिनीखाली ते उंदरांपासून वाचतं, वणव्यापासून वाचतं, आणि आग लागून वरचं सगळं जळून गेलं की रुजतं. म्हणजे जिथं दिवसरात्र फुकट वारा आहे तिथल्या झाडांनी आपली पोरं वाऱ्याच्या हवाली करायला नकार दिला आणि मुंगीच्या हवाली केली. ताईनं लगेच विचारलं, “मुंगीला मिळतं किती त्यात?” तिला कोणत्याही व्यवहारात घरकामाच्या बाईची बाजू आधी दिसते.

मध्येच एक शहामृग रस्त्याच्या कडेला दिसला. एवढा उंच पक्षी वाऱ्यात काय करतो, ही माझी उत्सुकता होती. तो खाली बसला होता. मान तेवढी वर, पिसारा एका बाजूला उलटा झालेला, आणि मुद्रा अशी की छत्री उलटी झाली तरी आपण छत्री धरूनच चालत राहतो तशी.

बबून मात्र बसले नव्हते. रस्ताभर पाट्या आहेत की बबूनना खायला घालू नका, काचा बंद ठेवा. आमच्या पुढे एक भाड्याची व्हॅन थांबली आणि त्यातला माणूस फोटोसाठी उतरला. त्याला दाराचं शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं. सरकतं दार उघडंच राहिलं. एक थोराड बबून, घरमालक भाडेकरूच्या खोलीत शिरावा तसा, सावकाश आत गेला. आतून किंकाळ्या आल्या. मग तो पावाची लादी काखेत मारून उतरला, रस्ता ओलांडला, एका खडकाच्या मागे वारा चुकवून बसला आणि एकेक तुकडा काढून खाऊ लागला. ताईनं लाडवांचा डबा पदराखाली घेतला. माथेरानच्या माकडांवर पोसलेली आमची पिढी; ह्या बाबतीत आम्हाला पाट्या वाचाव्या लागत नाहीत.

केप पॉइंटला गाडी लावली, नाक वाऱ्याकडे. आम्ही एकेक करून, दार वितभर उघडत, विमानातून पॅराशूटनं उडी मारावी तसे उतरलो. जुन्या दीपगृहापर्यंत वर जायला एक छोटी रुळांवरची गाडी आहे. तिला ‘फ्लाइंग डचमन’ नाव दिलंय. म्हणजे तेच ते दंतकथेतलं भुताचं गलबत, ज्याच्या कप्तानानं प्रलय होईपर्यंत वेळ लागला तरी चालेल पण हे केप ओलांडीनच अशी शपथ घेतली आणि जे अजून पोचलेलं नाही. त्याच्या नावाची गाडी मात्र तीन मिनिटांत पोचवते.

वरच्या पायऱ्यांवर भावोजींचं जे व्हायचं ते झालं. एका वळणावर वाऱ्यानं ती सगळी रचना मुळापासून उचलली आणि कानाशेजारी ध्वजासारखी फडकवली. भावोजींनी एक हात कठड्याला धरला, दुसऱ्यानं केस खाली ओढले, वाऱ्यानं पुन्हा उचलले. काही वेळ हे चाललं. माणूस दोन्ही हातांनी केस धरू शकत नाही, कारण मग कठडा सुटतो. शेवटी त्यांनी निर्णय घेतला आणि कठडा धरला. ताईनं त्यांच्याकडे न बघता फक्त एवढंच म्हटलं, “बरे दिसता.” मला तरी ते दुसऱ्यांदा पाहायचं धाडस झालं नाही, पण खरंच बरे दिसत होते.

ताई स्वतः शाबूत होती. पदर खांद्याला दोन पिना, कमरेला एक, निऱ्यांना दोन, आणि उरलेलं सगळं खोचलेलं. तिच्या शेजारी पायरीवर एक गोरी मुलगी गुंडाळायचा स्कर्ट दोन्ही हातांनी धरून रडकुंडीला आली होती. ताईनं बांगडीतून पीन काढली, एका शब्दाची ओळख नसताना तिच्या स्कर्टला लावली, आणि पुढे सरकली. मग एका चिनी आजीबाईंचा रुमाल. मग एका माणसाची टोपी, तीही त्याच्याच कॉलरला. त्या पायऱ्यांवर ताईचा दवाखाना सुरू झाला. डॉक्टर केस बिघडवत होते आणि आमची कंपाउंडर मागून पट्ट्या बांधत येत होती. वर पोचेपर्यंत घोस संपला आणि ताईच्या चेहऱ्यावर, हळदीकुंकवाचं सामान पुरलं म्हणजे येतं, ते समाधान आलं.

वारा इतका होता की बोलणं अर्धं ऐकू येत होतं. “इथून... दोन्ही समुद्र... खरं म्हणजे...” असं काहीतरी भाची सांगत होती. दीपगृहाच्या भिंतीमागे मात्र एकदम शांत. तिथं आधीच बरीच मंडळी बसली होती. जर्मन, ब्राझिलियन, झुलू, कोरियन, सगळे भिंतीला पाठ लावून उकिडवे. आम्हीही त्यांच्यात बसलो. ताईनं डबा उघडला. लाडू फिरले.

ते दीपगृह आता दिव्याविना आहे, आणि त्याचं कारण भावोजींना ऐकवलं पाहिजे असं भाचीला वाटलं. १८६० साली ते लावलं तेव्हा जितकं उंच तितकं चांगलं हा विचार होता. समुद्रापासून सव्वादोनशे मीटरहून वर, म्हणजे फार लांबून दिसणार. दिसलंही, नको त्यांना. खूप दूरची जहाजं दिवा पाहून गाफील राहत आणि किनाऱ्याच्या फार जवळ येत. आणि जवळ आल्यावर ज्यांना दिवा हवा असे त्यांना तो दिसत नसे, कारण इतक्या उंचावर बहुतेक वेळा ढग किंवा धुकं. १८ एप्रिल १९११ च्या रात्री लुसिटानिया नावाची पोर्तुगीज प्रवासी बोट टोकापासच्या बेलोज रॉकवर आदळली. ही ती टॉर्पेडोनं बुडालेली प्रसिद्ध लुसिटानिया नव्हे, तिची पोर्तुगीज नामधारी बहीण. बहुतेक प्रवासी वाचले. त्यानंतर नवा दिवा बांधला तो बराच खाली, ८७ मीटरवर.

भावोजी लाडू हातात धरून विचार करत राहिले. मग म्हणाले, “टेंडरमध्ये उंची लिहिली असणार. वरची उंची मंजूर झाली की खाली आणायला कोण फाइल काढतो.” तीस वर्षांच्या नोकरीचा तो सारांश असावा.

खाली उतरून गाडीनं केप ऑफ गुड होपच्या किनाऱ्यावर गेलो. हे केप पॉइंटपासून जवळच, दगडगोट्यांचा किनारा, समुद्रात दोरखंडासारखं जाडजूड तपकिरी केल्प शेवाळ लोळत असलेला, त्याचा उग्र वास. इथं ती प्रसिद्ध लाकडी पाटी आहे. पाटीमागे उभं राहून फोटो काढायला रांग असते. पाटीवर लिहिलंय की हे आफ्रिका खंडाचं सर्वांत नैऋत्येचं टोक. भावोजींनी दोनदा वाचलं. “नैऋत्य? दक्षिण नाही?” दक्षिणेचं खरं टोक केप अगुलास, इथून दीडशे किलोमीटर पूर्व-आग्नेयेला. शाळेतल्या भूगोलाच्या वहीत ज्या टोकाला आपण लाल पेन्सिलनं गोल केला, ते हे नव्हतंच. भावोजी रांगेत उभे राहिले खरे, पण फोटोत त्यांची मुद्रा मोजमाप चुकलेल्या पुलावर उद्घाटनाला आलेल्या अभियंत्याची आहे.

त्या पाटीजवळ मला बार्तोलोमेउ दियासची आठवण येत होती. १४८८ साली तो इथून गेला तेव्हा हे केप त्याला दिसलंच नाही. वादळानं त्याला दक्षिणेला भर समुद्रात हाकललं. वारा निवळल्यावर पूर्वेला वळला तर जमीन लागेना, उत्तरेला वळला तेव्हा लागली, आणि कळलं की आपण आफ्रिका ओलांडून बसलोय. परतताना त्यानं हे टोक पाहिलं. वादळांचं केप असं नाव दिलं असं सांगतात. लिस्बनमध्ये खुर्चीत बसलेल्या राजा जोआव दुसऱ्याला हिंदुस्थानचा मिरीचा व्यापार दिसत होता. त्यानं ते बदलून चांगल्या आशेचं केप केलं. वारा ज्याच्या अंगावर आला नाही त्याला आशा लवकर सुचते. पुढे १४९७ च्या नोव्हेंबरात वास्को द गामा आला, चार दिवस समोरच्या वाऱ्याशी येरझारा घातल्या, २२ तारखेला वारा पाठीमागून मिळाला तेव्हा टोक वळला, आणि पुढच्या मे महिन्यात कालिकतला पोचला. गोव्यातल्या एका शहराला त्याचं नाव. दियासला एक गावसुद्धा नाही आपल्याकडे. त्या वास्कोच्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख दियासनं केली होती. १५०० साली कब्रालच्या ताफ्यातून तो पुन्हा इकडे आला आणि ह्याच केपजवळच्या वादळात जहाजासकट गेला.

हे मी गाडीत सांगितलं तेव्हा भावोजी पहिल्यांदा वाऱ्याचा विषय सोडून मनापासून बोलले. “सर्व्हे एकानं करायचा, फीत दुसऱ्यानं कापायची.”

माझी स्वतःची काळजी जरा वेगळी होती. १९१२ च्या ऑक्टोबरात गोपाळ कृष्ण गोखले केपटाऊनच्या धक्क्यावर उतरले. गांधीजी त्यांना घ्यायला आले होते. ऑक्टोबर म्हणजे डॉक्टरांचा हंगाम सुरू झालेला. त्या दौऱ्यातली भाषणं, सत्कार सगळं छापून आलं. मला राहून राहून काळजी वाटते ती नामदारांच्या डोक्यावर जे काही होतं त्याची.

परतीचा रस्ता अटलांटिकच्या बाजूनं. स्कारबरो, कॉमेटी, नॉर्डहुक ही गावं पटापट मागे पडली. नॉर्डहुकच्या लांबलचक पुळणीवर वाळूच धावत होती, माणूस एकही नाही. मग चॅपमन्स पीकचा रस्ता, उभ्या कड्यात कोरलेला, नऊ किलोमीटरांत ११४ वळणं. इथं भावोजींनी गाडी हळू घ्यायला लावली. १९१५ ते १९२२ ह्या काळात तो बांधला. खाली ग्रॅनाइट, वर वालुकाश्म, आणि रस्ता बरोबर त्या दोहोंच्या सांध्यावरून नेलाय, कारण खालचा दगड पक्का आणि वरचा फोडायला सोपा. वरचा सुटतोही तितक्याच सहज. दरडी कोसळल्यामुळे २००० साली रस्ता बंद झाला; २००३ च्या शेवटी जाळ्या, अर्धवट बोगदे आणि टोलनाका घेऊन उघडला. भावोजींनी काच खाली केली, मान बाहेर काढून वरच्या जाळ्या पाहिल्या, खंडाळ्याच्या जाळ्यांशी तुलना केली, आणि केसांचं काय होतंय ह्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ताईनं मला कोपरानं ढोसलं.

हौट बेच्या पुढे शहर सुरू होतं आणि क्लिफ्टन लागतं. डोंगराच्या पायाशी चार छोट्या पुळणी, वर काचेचे बंगले, इंचाला सोन्याचा भाव. कारण एकच. डोंगर पाठीशी असल्यामुळे इथं आग्नेयेचा वारा पोचत नाही. त्या शहरात वारा सगळ्यांना फुकट मिळतो. तो नसणं विकत घ्यावं लागतं. खाली उतरलो. केसही हलत नव्हता. लोक पुस्तकं वाचत पडले होते, पानं उडत नव्हती. पाणी निळं, संथ, स्वच्छ. आणि त्यात जवळजवळ कोणीच नाही.

“पाण्यात का नाही कोणी?” ताईनं विचारलं.

भाची म्हणाली, “आई, तू पाय घालून बघ. मग सांगते.”

ती सांगणार होती ते मला आधी माहीत होतं. आग्नेयेचा वारा ह्या किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे दक्षिण गोलार्धात वरचं पाणी वाऱ्याच्या डावीकडे सरकतं, म्हणजे किनाऱ्यापासून आत लोटलं जातं. त्याची जागा भरायला तळाचं बर्फासारखं पाणी वर येतं. त्या पाण्याबरोबर खनिजं येतात, त्यावर सूक्ष्म जीव, त्यावर सार्डिन, त्यावर पेंग्विन. ह्या किनाऱ्यावरच्या मासेमारीचा पाया हाच. तेव्हा बंगलेवाल्यांनी डोंगराआड जागा घेऊन वरून येणारा वारा टाळला, तर तो खालून येतो.

ताईनं निऱ्या वर घेतल्या आणि घोट्यापर्यंत पाण्यात गेली. काही क्षण तिच्या तोंडातून आवाजच निघाला नाही. मग ती वळली. भावोजी कोरड्या वाळूवर उभे होते, बूट-मोजे काढलेले, हातात त्या दिवसात पहिल्यांदाच खिशातून निघालेला कंगवा, आणि डावीकडचं उजवीकडे नेण्याचं काम निम्म्यावर आलेलं.

“या ना,” ताई म्हणाली, “छान कोमट आहे.”

भावोजींचा तिच्या सांगण्यावर चाळीस वर्षांचा विश्वास. ते दोन पावलं पुढे गेले. त्यांनी मारलेली आरोळी वरच्या रस्त्यापर्यंत पोचली असणार, कारण तिथं आइस्क्रीम विकणाऱ्या माणसानं टाळ्या वाजवल्या.